पाय माहा होता, मॅडम

सर, आमचा संघ बुडाला. आता कोणता संघ, ते आधी सांगते, कारण तुम्ही होतात तेव्हा पोरींना बास्केटबॉल खेळायचे पैसे मिळतात असं मी म्हटलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, "कायले फेकून राह्यली?" पण मिळतात. मालक असतो, करार असतो, मोबाइलवर सामने दिसतात. अशा एका बायकांच्या संघाची मी या वर्षी कोच होते. आणि आम्ही हरलो. पहिला हरलो, दुसरा हरलो, मग मोजणंच सोडलं. असे हरलो की शेवटी शेवटी पोरी ताटावर बसूनसुद्धा एकमेकींशी बोलेनात. मालक आधी प्रत्येक सामन्याला यायचा, मग त्याचा माणूस यायला लागला, मग तोही येईना.

आपलं मैदान आठवतं का हो तुम्हाला, की मेल्यावर विसरतात सगळं? शाळेमागची काळी जमीन आणि तिच्यात रोवलेला लोखंडी खांब. पावसाळ्यात जमीन फुगायची, उन्हाळ्यात भेगा पडायच्या, आणि खांब दरवर्षी थोडा कलायचा. आम्ही तांड्यावरच्या पोरी, आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, मागं आजीजवळ राहिलेल्या. सकाळी तुमच्याकडं आलो की दिवस मावळताना घरी. आणि तुम्ही पायाळू. जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं अख्खा मानोरा मानायचा. आम्ही इकडं बास्केट मारून राहिलोय आणि तिकडं एखादा म्हातारा कमरेवर हात धरून तुमची वाट बघतोय, हे रोजचंच. तुम्ही चप्पल काढायचात, पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवरून पाय फिरवायचात, आणि शिट्टी तशीच तोंडात. मध्येच आमची चूक दिसली की म्हाताऱ्याच्या पाठीवर उभ्याउभ्याच शिट्टी मारायचात. बिचारा दचकायचा. आम्ही हसून हसून लोळायचो.

मग वाशिमची ती फायनल. मी उडी मारून खाली येते आणि गुडघ्यात कट्ट असं काहीतरी होतं. मला धरून बाहेर आणतात. गुडघा डोळ्यांदेखत सुजतोय आणि मी भोकाड पसरलंय. तुम्ही खाली बसून बोटांनी चाचपता. "काई नाई झालं, नसेवर नस चढली." चप्पल काढता, पाय माझ्या गुडघ्यावर ठेवता, हळूच दाबता. "उतरली. रडू नको. जाय, खेळ." आणि मी गेले. देवाशपथ सांगते सर, दुखायचं थांबलं होतं! शेवटचे गुण माझेच. मानोऱ्याच्या स्टँडवर डफडं वाजलं, आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. जिनं जन्मात मला कधी जवळ घेतलं नव्हतं, ती आजी चारचौघांत माझे मुके घेत सुटली.

पुढं अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं की नसबिस काही नव्हतं, आतला लिगामेंट तुटला होता आणि त्यावर खेळल्यानं सांध्यातली गादीही गेली. पट्टा बांधून कॉलेजात खेळले, धकलं तेवढं धकवलं. ज्या वयात बाकीच्या पोरी रंगात येतात त्या वयात मी बाकावर येऊन बसले. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगून काय करणार होते? तुम्ही मला फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तुमचा खरंच विश्वास होता हो, आणि माझाही. पण माझा पाय तुम्ही घालवला, सर, आणि त्याचा मला राग आहे. अजून जिना उतरताना रोज येतो.

या वर्षी आपल्या वाशिमकडच्या मालेगावची एक पोरगी माझ्या संघात होती. उंच, सडपातळ, बोलण्यात फटकळ. सगळ्या हरत असताना ती एकटी हरल्यासारखी खेळत नव्हती. शेवटच्या सामन्याला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी देणारे लोक बघायला येणार होते, आणि ते तिच्यासाठीच येणार होते, हे तिलाही माहीत होतं नि मलाही. घरी बापानं सांगून ठेवलेलं, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्यात लगीन. सामन्याच्या आदल्या सरावात तिचा गुडघा मुरगळला. मी हात लावला आणि मला कळलं. एमआरआय काढला, तेच निघालं, लिगामेंट अर्धा तुटलेला. ती म्हणे, "मॅडम, नस चढली फक्त. घट्ट बांधून द्या, मी खेळतो." तिच्या आईचा फोन आला, "आमच्याइथं पायाळू बाई हाय, तिले गाडीवर बसवून आनू का?" मला तुम्ही आठवलात आणि हसू आलं. मी नाही म्हटलं. सामन्याच्या दिवशी ती खेळायचे कपडे घालून, पट्टा बांधून माझ्यासमोर उभी राहिली, "दहा मिनिटं तं खेळू द्या." मी म्हटलं, "बस खाली." ती बसली. आम्ही सपाटून हरलो, आलेले लोक मध्यंतरालाच उठून गेले, आणि आठवड्याभरात मालकानं संघ गुंडाळला.

मागच्या आठवड्यात मी मालेगावला जाऊन आले. तिच्या आईनं चहा ठेवला, पण समोर बसली नाही, उभ्यानंच म्हणाली, "तुमी तिले बसवलं काहून, बाई? तिचा पाय गेला असता तं गेला असता. आता तिले काय उरलं? येत्या महिन्यात पाहुणे येऊन राह्यले." मी म्हटलं, "अहो, ती जन्मभर लंगडली असती." आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून तिचा आवाज आला, मोठा नाही, नुसता कोरडा, "पाय माहा होता, मॅडम." बस, एवढंच. बाहेर आली नाही. चहा निवला तसा मी पिऊन टाकला आणि स्टँडवर आले.

मी बरोबरच केलं, सर. उद्या पुन्हा तसंच करीन. ती नीट चालेल, पोरं कडेवर घेईल, विहिरीवरून पाणी आणेल, आणि जन्मभर मला शिव्या देईल. हे सांगायला दुसरं माणूस नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसले, आणि लिहिलेलं कुठं टाकायचं तेही माहीत नाही. राहील कपाटात. फक्त एक सांगते, तिच्या आईला सांगता आलं नाही ते. तुमच्या मयताला मी लंगडत का होईना, सगळ्यांच्या आधी पोचले होते. तुम्ही मला वाशिमला त्या दिवशी बाकावर बसवलं असतं ना, तर मीही शिव्याच देत बसले असते, आलेच नसते.