दार उघडायचं नाही

सोमवार, ७ जुलै
कमाल आहे! स्पृहाला शाळेत सोडायला गेले आणि थेट तिच्या पहिलीच्या वर्गापर्यंत पोचले. वॉचमन राजाराम मोबाइलमध्ये डोकं घालून! उद्या कुणीही येईल आणि माझ्या नातीला उचलून नेईल. परळ नाक्यावरचा भाजीवाला यापेक्षा जास्त लक्ष ठेवतो.

मुख्याध्यापिका सीमाबाई शांत! "सरकारचं परिपत्रक आलंय, सुरक्षा आराखडा करायचाय. तुम्हीच या ना समितीवर."

येते म्हटलं.

बुधवार, ९ जुलै
आराखडा म्हणे! बेचाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे आधीच "होय". भिंत उंच आहे? होय. मागची भिंत माझ्या खांद्याला लागते! मी थक्क. मग मात्र जीभ सुटली. धोक्याची घंटा झाली की काय करायचं, ते कलम मीच लिहिलं — वर्गाला कडी, दिवे बंद, दार कुणासाठीही उघडायचं नाही. कुणासाठीही!

चहा आणलेली आया कमल मध्येच तिच्या मालवणीत — "बाई, संडासाक गेलेल्या चेडवाचा काय?" एखादी मुलगी तेव्हा संडासला गेली असली तर म्हणे!

"कमल, चहा ठेव आणि जा."

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर अपवाद ऐकूनच घ्यायच्या नाहीत. म्हणून तर शिस्त लागली.

शनिवार, १२ जुलै
राजारामने आज मला फाटकात अडवलं. ओळखपत्र मागितलं! धन्य झाले.

मंगळवार, १५ जुलै
सराव झाला. सीमाबाई खूश — "चार मिनिटांत शाळा चिडीचूप! एकही दार उघडलं नाही."

फक्त कमल. तिने कोठीच्या खोलीत जाऊन कडी लावायची होती. ही बया व्हरांड्यात फतकल मारून बसली! सीमाबाई काहीतरी कारण सांगू लागल्या. नॉन्सेन्स! मी ऐकलंच नाही. मेमो द्या म्हटलं. समितीतर्फे सहीसुद्धा करून आले.

गुरुवार, १७ जुलै
स्पृहाची पाण्याची बाटली आजही भरलेली परत. विचारलं तर दप्तर टाकून आत पळाली.

शुक्रवार, १८ जुलै
आज बोलली.

"पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. मग दार बंद होतं, आजी. मी खूप वाजवलं. आतून मनवा सांगत होती — बाई, स्पृहा आहे, आपली स्पृहा आहे. बाईंनी तिला गप्प केलं."

"मग?"

"मग कमलमावशी आली. माझ्याजवळ खाली बसली."