शेजारचं टार्गेट

११ जानेवारी, रविवार
आजपासून नवा हरीश. रायफल क्लब जॉइन केला. एकाग्रता वाढते, मोकळी हवा मिळते. सुखदा दर रविवारी तिथेच जाते, हा निव्वळ योगायोग.

कृतिका फोनवर सहज बोलून गेली. आई कॉलेजात एनसीसीत शूटिंगची मेडलं मिळवायची, लग्नानंतर सुटलं, आता परत सुरू केलंय. मी म्हटलं, एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. लेक म्हणाली, बाबा, तू विचारलंस का कधी? आजकालच्या मुलींना आईचीच बाजू दिसते.

सुखदा दीड वर्षापासून दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. तिला ऑफिस जवळ. आमच्या गाझियाबादच्या घरून रोज फार हाल व्हायचे. कृतिकाही तिच्याकडेच असते. बाकी कोर्टात चाललंय ते आपलं कागदोपत्री. घटस्फोटाची पहिली तारीख झाली, दुसरी फेब्रुवारीअखेर. तोवर मन बदलतं माणसाचं. कायद्याने मध्ये वेळ दिलाय तो उगाच नाही.

१२ जानेवारी
संकल्प : पहाटे उठणे. प्राणायाम. चहा बंद, कारण नेम धरताना हात थरथरतो.

सकाळी ८.४० : उठलो. बाहेर धुकं. एक्यूआय चारशेच्या वर. अशा हवेत प्राणायाम म्हणजे आत्महत्या. चहा घेतला.

१८ जानेवारी, रविवार
रेंज पानिपतच्या अलीकडे, हायवे सोडून आत. पालथं पडून तीनशे मीटरवरच्या टार्गेटवर मारायचं. इथून ते शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. कोच साहेब म्हणाले, पहले साँस लेना सीखिए. सत्तेचाळीस वर्षं घेतोय.

एकही गोळी कागदाला लागली नाही. क्लबची रायफल जुनी आहे. खांदा काळानिळा.

सुखदा भेटली. मला बघून दचकली, म्हणजे आनंदच झाला असणार. अच्छा, तू? एवढंच म्हणाली आणि कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले.

२० जानेवारी
ऑफिसात प्रसन्नला सांगितलं, पुढच्या महिन्यात पानिपतला मॅच आहे. तो म्हणाला, यार, मराठी माणसाने तिकडे जाऊ नये, आपला रेकॉर्ड चांगला नाही. हसलो. काही लोकांना मोठा विचार करताच येत नाही.

१ फेब्रुवारी
प्लॅन पक्का. बावीसला मॅच. मग ढाब्यावर चहा. मग मी सहज म्हणणार, चल घरी. कोर्टाच्या तारखेआधी सगळं मार्गी.

बेडरूमला पिस्ता रंग दिला, तिचा आवडता. कृतिकाला फोटो पाठवला. तिचा मेसेज : पिस्ता आत्याला आवडतो. आईला नाही.

रंग वाळला होता.

८ फेब्रुवारी, रविवार
प्रगती! दोन गोळ्या कागदावर. सुखदा मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, वारा डावीकडून आहे, झेंडे बघ ना जरा. तू कशाकडे बघतच नाहीस. काळजी असल्याशिवाय कुणी एवढं सांगत नाही.

मग विचारलं, हरीश, तू इथे का येतोस? म्हटलं, हॉबी. म्हणाली, ठीक आहे, ये.

१४ फेब्रुवारी
तिला गुलाबाचं चित्र पाठवलं. उत्तर : अंगठा. मग दुसरा मेसेज. सव्वीसला साडेदहा, विसरू नकोस, वकील म्हणाले दोघं लागतात.

‘दोघं’ हा शब्द तिने स्वतः लिहिलाय.

२२ फेब्रुवारी, मॅच
चिठ्ठ्या टाकल्या. माझं टार्गेट अकरा, सुखदाचं बारा. अगदी शेजारी! आणखी काय हवं?

पहिल्या काही गोळ्या वाया. मग वारा सुटला, मी झेंडे बघितले, रायफलची साइट त्या हिशोबाने फिरवली आणि काय झालं कुणास ठाऊक, हात स्थिर झाला. एकामागून एक पाच मारल्या. प्रत्येक गोळी गेली तेव्हा कळत होतं, ही लागली. गोळी लागली की पलीकडच्या खंदकातली मुलं टार्गेट खाली घेऊन, खूण लावून परत वर करतात; माझं मात्र जागचं हलत नव्हतं. म्हटलं, पलीकडची मुलं झोपली असतील.

तेवढ्यात सुखदाने हात वर केला. अंपायर धावत आले. ती हळूच म्हणाली, हरीश, थांब. तू माझ्या टार्गेटवर मारतोयस.

पाचही तिथेच. एक तर थेट मधोमध. माझ्या खात्यात शून्य.

तिच्या गोळ्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, यावर बरीच चर्चा झाली. तोवर ती पहिल्या नंबरावर होती. पुन्हा सुरू झालं तेव्हा वारा उलटला होता. चौथी आली.

नंतर मी म्हटलं, पण माझा ग्रुप बघितलास, पाचही गोळ्या किती जवळजवळ? सुखदा चटईवर तशीच बसली होती, रायफल न उचलता. म्हणाली, इतक्या वर्षांनी एक गोष्ट फक्त माझी होती रे. तिथेही आलास तू.

जरा जास्तच बोलली. टार्गेटांवरचे आकडे किती फिकट रंगवलेत, हे बघत नाही कुणी.

चहा राहिला.

२३ फेब्रुवारी
आकड्यांबद्दल क्लबला तक्रारीचा मेल लिहिला. कडक. पाठवला नाही.

ऑफिसला गेलो नाही. अंग दुखत होतं.

२६ फेब्रुवारी
कोर्ट. गाडीत येताना बोलणं पाठ केलं होतं. मॅडम, हमें थोड़ा समय दीजिए, इथून सुरुवात. हिंदी नीट जमवली होती.

जजबाईंनी विचारलं, साथ रहने की कोई गुंजाइश है? आधी मलाच विचारलं. मी सुखदाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. पर्सचा पट्टा दोन्ही मुठींत इतका आवळलेला, की बोटं पांढरी पडली होती. ती घाबरली होती. मी काय बोलेन, याला.

नहीं जी, म्हणालो.

बाहेर आल्यावर ती थँक्यू म्हणाली. मी सवयीने वेलकम म्हणालो. म्हटलं, मी रविवारी येणार नाही आता, तू खेळ. तिने मान हलवली. तसं काही नाही, ये की, असं म्हणाली नाही.

कृतिका गेटपाशी थांबली होती. म्हटलं, दोघींना सोडतो. सुखदा म्हणाली, नको, उलटी दिशा आहे तुझी.

आहेच.