दोन डबे आणि माझा उजवा हात

पांढुर्णा

तीर्थस्वरूप बापूजी दादांस,

धाकट्या गुणवंताचा साष्टांग नमस्कार. मोहगावात तुमचा गुडघा आता वळत असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल आणि तुमचा चष्मा सापडला असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत असं सून म्हणते, म्हणूनच मला खात्री नाही. फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण मी फोनवर बोललो की तेजस्विनी (हीच ती सून) भाजी निवडता निवडता ऐकते आणि मग वहीत काहीतरी टिपते.

तिने यंदा सौसरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. विषय मनोविज्ञान. मी म्हटलं, घरात चार बुकं आली तर बिघडतं काय? बिघडलं. आधी तिने मला पलंग, उशी, गादी, चादर असे पंधरा शब्द वाचून दाखवले आणि आठवतील तेवढे सांगायला लावले. मी 'झोप'सुद्धा सांगितला, तर तो यादीत नव्हताच म्हणे. (उशी-गादी वाचायची आणि झोप वाचायची नाही, ही फसवणूकच झाली.) मागून वही उघडून पाहिली, तर त्यात 'प्रयोज्य क्रमांक १, पुरुष, वय ६८' असं लिहिलेलं. ज्याच्यावर प्रयोग करतात त्याला प्रयोज्य म्हणतात. घरात अडुसष्ट वर्षांचा पुरुष एकच आहे.

इथवर मी सोसलं. पण तुम्हाला ठाऊक आहे, चाळीस बहार मी संत्री हातावर तोलून निवडली. तिगावपर्यंतचे बागवाले माल दाखवायला मला बोलावतात. आणि तिचा नवरा, आपला गजेंद्र, दिवाळीपासून संत्री निवडायचं मशीन आणायचं म्हणतो आहे. नेमक्या अशा वेळी सूनबाईंनी परवा दोन पत्र्याचे डबे समोर ठेवले, एक मोठा, एक लहान, दोन्ही टेपने बंद. "मामाजी, उचलून सांगा न, कोणता जड हाये?"

मी उचलले आणि लहान डबा पावभर जड, असं बेधडक सांगितलं. तिने दोन्ही काट्यावर ठेवले. वजन अगदी सारखं! मोठी वस्तू दिसली की मन आधीच जास्त जोर लावून बसतं, मग ती हलकी लागते, सगळ्यांचं असंच होतं, असं तिने समजावलं. वर म्हणाली, "परीक्षा तुमची नाही, माझी होऊन राहिली." मी परीक्षेचं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! गजेंद्र दारात उभा होता. त्याने आधी काटा पाहिला, मग माझा हात पाहिला, आणि तेच मला जास्त लागलं.

घरचा काटा तिच्या बाजूचा, म्हणून डबे पिशवीत घालून गुलाबच्या किराणा दुकानात गेलो. तिथेही वजन सारखंच. मग गुलाबने स्वतः उचलून पाहिले आणि म्हणाला, "लहानच जड हाये, काका." तेव्हा कळलं की गुलाबही त्यांना सामील आहे. (त्याची बायको आमच्याकडून लोणचं नेते.)

दादा, खरं सांगतो, मला भीती वाटते. हात गेला तर बागेत मी सावलीला बसलेला एक म्हातारा, दुसरं काय? कालपासून संत्रं हातात घेतलं की मी दोनदा तोलतो. आयुष्यात असं कधी केलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला,
गुणवंता

ता.क. बागेतला हिरामण तिकडे येतो आहे, त्याच्यासोबत दोन्ही डबे पाठवले आहेत. उचला आणि कोणता जड लागतो ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्या. आपल्या घराण्यात तुमचा हात माझ्याहून पक्का, हे मी आजवर कबूल केलं नव्हतं. गजेंद्र रविवारी मशीन पाहायला जाणार आहे, उत्तर त्याआधी हवं.

ता.क. २. डबे तेजस्विनीनेच बांधून दिले. सोबत एक कागद आहे, त्यावर वय लिहून सही करायची. तुम्ही प्रयोज्य क्रमांक अकरा. आता आठवतं, मोठ्या मामाजींना (म्हणजे तुम्हाला) पत्र लिहा हेही तिनेच सुचवलं होतं.

ता.क. ३. तरी उचला. वजन सारखं आहे हे माहीत असूनही मला अजून लहानच जड लागतो. तुम्हाला दोन्ही सारखे लागले, तरी दादा, लहानच लिहा.