लाकडी जोडप्यातला नवरा

३ ऑक्टोबर २०२५, सकाळचे दहा. विजयादशमी होऊन गेली होती. नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या आम्ही उतरवत होतो. "मुरली, फडकं आण रे," अम्मा म्हणाली. मी आणलं. घ्यायला ती नव्हती. त्या क्षणापासून ह्या घरात मी एकटा आहे.

मी मुरली, कै. सेतुमाधवराव आणि कै. सीतालक्ष्मी यांचा धाकटा मुलगा, वय २३, राहणार तिरुवल्लिकेणी, चेन्नई, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहितो. डोकं गरम असतं, पण ठिकाणावर आहे. उद्यापासून एन्नोर बंदरात टगबोटीवर लागतो. तिथल्या फॉर्मात 'वारस' असा रकाना होता. आजवर तिथं अम्माचं नाव घालत आलो. ह्या वेळी पेन अडलं. म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर भाड्याचं, ते देता येत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे अम्मानं पाण्याच्या लॉरीच्या वेळा खडूनं लिहिल्या आहेत. घरमालकानं तेवढं पुसू नये.

२. बँकेत असेल ते आणि वडिलांचं घड्याळ विश्वजितअण्णाला. तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा. मी झालो तेव्हा अम्मा शेहेचाळीसची. शाळेत बाई विचारत, "नातू का?" ती म्हणे, "माझंच शेंडेफळ. उशिरा आलं, म्हणून सारखं घाईत असतं."

३. ग्राइंडर समोरच्या अन्नपूर्णामामींना. म्हणून त्या साक्षीदार नाहीत. ज्याला मिळतं त्यानं सही करू नये, असं त्यांचे यजमान बालाजीराव सांगतात. ते कोर्टात कारकून होते.

४. कॉलेजातल्या आमच्या विभागप्रमुखांना काहीही नाही. "माझ्या आजारपणासाठी पोरानं शिक्षण सोडलं," असं अम्मा सगळ्यांना सांगे. खोटं. मी विभागप्रमुखांशी भांडून निघून आलो. मला झाकायला तिनं स्वतःला गुडघेदुखी लावून घेतली आणि वर्षभर लंगडली.

५. तांबड्या लाकडाचं नवरा-बायकोचं जोडपं १९७५ साली लग्नात अम्माबरोबर तंजावरहून आलं. दर नवरात्रात बायकोला नवी साडी, अम्माच्याच एखाद्या साडीच्या काठाची. डब्यात अशा पन्नास साड्या आहेत. पहिली शालूची. मी झालो त्या वर्षीची पोपटी. वडील गेले त्या वर्षीची पांढरी, सुती. मी कॉलेज सोडलं त्या वर्षीची तर जुन्या परकराची. तेव्हा नवी घेतलीच नव्हती. हा डबा खालच्या मजल्यावरच्या सहानाला.

~~६. जोडप्यातला नवरा. त्या सकाळी पायरीवर बायको नव्हती. अम्माचे दिवस व्हायच्या आत मी गिंडीला अण्णाच्या दारात उभा राहून जयंतीवैनींवर ओरडलो, "तुम्हीच उचललीत!" त्या एवढंच म्हणाल्या, "जेवलास का?" मी न जेवता परतलो, तेव्हापासून गेलो नाही.

पोंगलला हे सगळं सहानाला सांगत बसलो. तिच्यापायी मी तीन वर्षं विनाकारण जिना चढतो-उतरतो. ती उठली आणि आतून बायको घेऊन आली. विजयादशमीच्या संध्याकाळी अम्मानं तिला दिली होती. म्हणाली होती, "नवरा हवासा वाटला तर मागायला ये. नाही वाटला तरी ही तुझीच."

"मग मागतेस?" मी विचारलं.

"आधी वैनींकडे जा. ओरडणाऱ्याच्या दारात मी काही मागायला येत नाही."

तरी माझ्या मागे अण्णानं वैनींना वाचून दाखवावं, की मुरली चुकला आणि माफी मागतो. मग नवरा सहानाला द्यावा.~~

सहीआधी बालाजीरावांनी हे वाचून चष्मा काढला. "अरे, वैनीनं माफी ऐकावी म्हणून तू मरायचं होय? आणि नाही बुडालास तर? त्या पोरीनं पन्नास वर्षं थांबायचं?"

कलम ६ रद्द. बाकी कायम.

सही: मुरली सेतुमाधवराव
साक्षीदार: १. बालाजीराव २. कार्तिकेय (शेजारी)
चेन्नई, १८ फेब्रुवारी २०२६

ता.क. नवरा खिशात मावत नाही. अम्माच्या त्याच फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आहे. गिंडीची बस चारला. किल्ली मामींकडे ठेवतो. निघालो, दार ओढून घेतो.