ताकातलं औषध

६ जानेवारी
हळ्ळीखेडला आले! जनावरांच्या दवाखान्यातली पहिलीच नोकरी, आणि लिंगम्मांच्या घरी भाड्याची खोली. खिडकी उघडली की थेट गोठा. लिंगम्मांना मूलबाळ नाही. सगळा जीव देवणी गाय गौरी आणि तिच्या नव्या वासरात. वासराला हगवण लागली आहे, नेहमीची औषधं चालेनात. मी म्हटलं, काळजी कशाला? माझ्याकडे जंतू खाणारा विषाणू आहे, शेणातूनच शोधलेला. जंतूंनी गढूळ झालेली बाटली तो एका दिवसात नितळ करतो. त्या हसल्या. "रोगालाच रोग पाजायलीस व्हय, अक्का?"

९ जानेवारी
वासरू गेलं. मी दिलेलं विषाणूचं औषध दुधातून पाजायचं होतं. पोट बिघडलंय म्हणून लिंगम्मांनी मायेनं आंबट ताकात कालवलं. आंबटात हा विषाणू मरतो, हे सांगायचं मला सुचलंच नाही. औषध का लागू पडलं नाही, असं आज त्यांनी विचारलं आणि ताकाचं माझ्या तोंडून निघून गेलं. त्या ताकाच्या गाडग्याकडे बघत बसल्या. फार वाईट वाटतंय.

१३ जानेवारी
वासराशिवाय गौरी पान्हा सोडेना. शेजारच्या नागप्पांनी रीतीप्रमाणे वासराचं कातडं मीठ लावून वाळवलं, आत पेंढा भरला, तोंड सुतळीनं शिवलं आणि तिच्यापुढे उभं केलं. ती चाटत राहिली. दूध आलं. मला बघवेना.

१६ जानेवारी
सकाळी त्या पेंढ्याच्या वासराच्या शेपटीखाली ओलं होतं. पातळ, ऊन. तपासलं. तोच जंतू, जिवंत. खारवलेल्या कातड्यात तो जगत नाही, त्याला ऊबदार आतडं लागतं. मी घाबरले. लिंगम्मा रडल्या. म्हणाल्या, "औषीद दे, अक्का. ह्या बारीला ताक न्हाई घालत."

१८ जानेवारी
नाही म्हटलं. मेलेल्याला कसलं औषध— गौरी हंबरते. तिला उत्तर येतं. दबलेलं, नाकातून. लिंगम्मा जेवलेल्या नाहीत.

१९ जानेवारी
दुपार. गोठ्यात गौरी एकटीच.
माझ्या खोलीच्या दाराला खालून धक्के. पेंढ्याचा वास. बाहेरून लिंगम्मा विनवताहेत, पाज की गं, उपाशी हाय लेकरू—
उघडलं. औषध दुधात कालवून घेतलंय. ते माझ्या पायाला अंग घासतंय. बोटं चोखायला बघतंय. पण टाके— सुतळी घट्ट आहे— पाजू तरी कुठून—