पालकांनी बाहेर बसावे

२ सप्टेंबर
मिळाली! खोली मिळाली!! कालपर्यंत प्लास्टरची पोती ठेवायची खोली असली म्हणून काय झालं — आता आपली! तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी वेगळी ओपीडी. डॉक्टरबाई तीन वर्षं मोठ्या साहेबांच्या मागे लागल्या होत्या. साहेबांची अट एकच — महिनाअखेर वीस पेशंट, नाहीतर पोती परत आत. वीस? चुटकीसरशी!

७ सप्टेंबर
एकही नाही.

९ सप्टेंबर
आला, आला! सहा फुटी धटिंगण, नुकतं मिसरूड फुटलेलं. तपासायचं टेबल बालविभागातून मागून आणलेलं — पाय गुडघ्यापासून बाहेर, आणि चादरीवर पिवळी बदकं! मला हसू आवरेना. तोही हसला.

पण डॉक्टरबाई विचारणार त्याला, आणि उत्तर देणार आई! पोट याचं, दुखतं कुठे ते सांगणार ती! शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, आजपासून पालक बाहेर. जिवावर बेतणारं नसेल तर मुलांचं बोलणं दाराबाहेर जाणार नाही." आई बाहेर गेली मात्र, पोरगा घडाघडा बोलायला लागला. पाटी मीच रंगवली. दारावर पहाराही माझाच!

१६ सप्टेंबर
अकरा! पोरंच पोरांना घेऊन येतायत. आज एका आईने दाराला चक्क कान लावला. म्हटलं, "ताई, भिंतीला कान असतात ऐकलं होतं, दाराला आजच बघितले!" ओशाळली बिचारी. म्हणे, "माझ्यापासून काही लपवत नाही हो ती." सगळ्या आयांना असंच वाटतं! माझी लेक मात्र खरंच सगळं सांगते मला.

२८ सप्टेंबर
एकोणीस!! स्वयंपाकघरात नाचलेच. लेक म्हणाली, "आई, तिथे कोणीही आलं तर चालतं?"
"कोणीही गं राणी! एकच हवाय आता!"
हसली नाही. परीक्षा जवळ आली, दुसरं काय.

३० सप्टेंबर
विसावा केसपेपर झाला. खोली वाचली.

शाळेच्या गणवेशात आली, एकटीच. नाव-पत्ता मला विचारावा लागला नाही. "आई, तू बाहेर थांब ना," एवढंच म्हणाली. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं.

बाकावर बसले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. दोनदा दारापर्यंत गेले, आणि दोनदा परत येऊन बसले.