हरण्याचं दावं कोणी धरलं

धायरी,
ता. ९ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. हेमास, दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं. श्रीनिवासरावांच्या कंपनीत रात्रीच्या जेवणाचीही सोय आहे हे वाचून तुझी वहिनी म्हणाली, मग तुम्हीही तिकडे अर्ज करा.

तुझ्या लाडक्या हरण्याचं आता फार झालं. आई गेलेलं वासरू म्हणून तू लग्नाआधी त्याला बाटलीनं पाजलंस, त्या लाडाची फळं मी भोगतोय. परवा दावं तोडून पठ्ठ्या पलीकडच्या नव्या सोसायटीत शिरला आणि एक स्कूटर शिंगावर घेतली. सेक्रेटरींनी मला शांतपणे विचारलं, आपल्या बैलाला पार्किंगची जागा दिल्याचं आमच्या लक्षात नाही. थोरला बैल थकलाय, जुवाला जोडीदार हवाच. तेव्हा थंडी पडून माशा कमी झाल्या की हरण्याला खच्ची करून घ्यावं म्हणतो. आपले गुरांचे डॉक्टर गोपाळकृष्ण चिमटा लावून करतात, कापाकापी नाही. पण तुला विचारल्याशिवाय करणार नाही.

प्रकृतीला जपावं आणि रागावलीस तरी पत्र धाडावं.
तुझा दादा,
हिंदुराव


बंगळूर,
ता. १७ नोव्हेंबर १९९७

ती. दादास, हेमाचा शि. सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. तू मामा होणार आहेस! मात्र डॉक्टरीणबाईंनी सध्या प्रवासाला सक्त मनाई केली आहे, त्यामुळे संक्रांतीला येणं रद्द. वहिनीच्या हातच्या गुळाच्या पोळ्या मनातच खाईन.

हरण्याचं वाचून आधी रडले, मग स्कूटरचं वाचून हसले. खोंडाला जन्मभर बाटलीवर ठेवता येत नाही, एवढं मलाही कळतं. कर तुझ्या मनासारखं. पण आबांची रीत मोडू नकोस. ते असेपर्यंत खच्ची करताना आपल्या घरच्या कुणी कधी खोंडाचं दावं धरलं नाही. शेजाऱ्यानं धरायचं, आपण घरात बसायचं. जनावर राग धरतं तो शेजाऱ्यावर धरतं, घरावर नाही, असं ते म्हणायचे. हिंमतराव काकांना बोलाव आणि तू आत चहा पीत बस.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया बाळावर सगळी खर्च करू नये, थोडी राखून ठेवावी.
तुझी,
हेमा


धायरी,
ता. १ डिसेंबर १९९७

चि. सौ. हेमास, अनेक आशीर्वाद.

बातमी वाचून मी सगळ्या आळीला पेढे वाटले. सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दिला. त्यांनी तो आधी न्याहाळला, मग खाल्ला.

हरण्याचं काम गेल्या आठवड्यात उरकलं. धरायला माणूस मिळाला, काळजी नको. थोडी सूज आहे, ती येतेच असं डॉक्टर म्हणाले. जागा कोरडी ठेवायची, रोज शेपूट उचलून बघायचं आणि चिघळल्यासारखं दिसलं की लगेच कळवायचं. तू फक्त वेळेवर जेवत जा.

थोडक्यात लिहिलं म्हणून रुसू नये.
तुझा दादा


धायरी,
ता. ८ डिसेंबर १९९७

सौ. हेमावन्संना, भाग्यश्रीचा स. न. वि. वि.

यांना न सांगता लिहिते आहे. अशा दिवसांत तुम्हाला त्रास देऊ नये हे कळतं, पण आता राहवत नाही.

हरण्याचं दावं यांनीच धरलं होतं. हिंमतराव काकांनी गुरं विकली, ते आता पाण्याचे टँकर चालवतात. त्यांना त्या सकाळी सवड नव्हती. आळीत दुसरं कुणी गुराला हात लावणारं राहिलेलं नाही. हे म्हणाले, आपला हात जगन्नाथ. हरण्यानं यांच्या तोंडाकडे बघून असा हिसडा दिला की चिमटा सरकला आणि कातडी चेचली गेली. तेव्हापासून तो यांना गोठ्यात येऊ देत नाही. हे दिसले की शिंगं रोखतो. जखम बघायची कशी? मला वास आला तेव्हा कळलं, ती चिघळली आहे. डॉक्टर दोनदा येऊन गेले. आडवा पाडायला चार माणसं लागतात, आणि इथं एकटे हेच. हे दोन वेळचं ताट तसंच सारतात. तुम्हाला कळवायची यांना लाज वाटते.

काही सुचलं तर सांगा. वेडंवाकडं लिहिलं असेल तर पोटात घाला.
तुमची,
भाग्यश्री


बंगळूर,
ता. १२ डिसेंबर १९९७

ती. दादास, शि. सा. न.

शेजारच्यांच्या फोनवरून धायरीला दोन दिवस प्रयत्न केला, लाइन लागत नाही, म्हणून स्पीडपोस्ट. वहिनीवर रागावायचं नाही. मी तुझ्यावर रागावले आहे, पण ते नंतर.

तिथं माझ्या पेटीत जुनी निळी साडी आहे, हरण्याला पाजताना मी तीच नेसायचे. ती नेस. नुसती खांद्यावर टाकू नकोस, नीट नेस, डोक्यावरून पदर घे. लाजू नकोस, आळीला हसू दे. त्याच्या मानेखाली खाजव, तिथं हात लागला की तो डोळे मिटतो. डॉक्टरांना मागून येऊ दे. आणि काही झालं तरी बोलू नकोस. तुझा आवाज तो ओळखतो.

मला यायला हवं होतं. येता येत नाही.
हेमा


धायरी,
ता. २४ डिसेंबर १९९७

चि. सौ. हेमास, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी साडी नेसलो. भाग्यश्रीनं निऱ्या घालून दिल्या. ती हसली नाही. मिशा पदराआड घेऊन गोठ्यात गेलो. हरण्यानं मान वर केली, पदर हुंगला आणि शिंगं खाली घेतली. मी मानेखाली खाजवलं तसे त्यानं डोळे मिटले. डॉक्टरांनी मागून जखम धुतली, सुया टोचल्या, त्यानं पायही झाडला नाही. पण वैरण पुढे केली तर तोंड उघडेना. धनुर्वात झाला होता. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी हात लावू दिला असता तर वाचला असता. म्हणजे माझंच वरातीमागून घोडं.

तो तीन दिवस होता. मी साडी सोडली नाही. शेवटी त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. हेमा, मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की बाबा, चुकलं माझं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्याला वाटत होतं की तू आली आहेस. म्हणून मी बोललो नाही.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. तू आपणहून ठेवशील तेवढा ठेव.
तुझा दादा,
हिंदुराव